वेतनाचा आकडा आणि नेमणूकपत्र

बी.ए.एम.एस. होऊन बाहेर पडणाऱ्या सिंधुदुर्गातील तरुण वैद्यापुढे बहुधा दोन प्रस्ताव असतात. एक गोव्याच्या किनाऱ्यावरील एखाद्या रिसॉर्टच्या पंचकर्म केंद्राचा, मोठ्या आकड्याचा. दुसरा कुडाळ-सावंतवाडीकडील रुग्णालयाचा वा फार्मसीचा, लहान आकड्याचा, परंतु भविष्यनिर्वाह निधी, रजा व उपदान यांसह. घरची मंडळी विचारतात, "पगार किती?" आणि निर्णय तेथेच होतो. आमच्या मते हा निर्णय अपुऱ्या माहितीवर होतो.

हिशेब मांडून पाहू. समजा, गोव्यात कंत्राटावर 30,000 रुपये मिळतात आणि येथे 25,000. येथे पूर्ण वेतनावर मालकाचा 12 टक्के भाग निधीत जात असेल, तर दरमहा 3,000 रुपये झाले. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, सेवेच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, महिन्याचे 26 दिवस धरून. दरमहा सुमारे 1,200 रुपये. बेरीज 29,200. अंतर उरले 800 रुपयांचे. त्यातून परगावच्या खोलीचे भाडेही सुटणार नाही. राहण्याजेवणाची सोय तेथील मालक करीत असेल तर पारडे फिरते, हेही मान्य. मात्र "पॅकेज" म्हणून सांगितलेल्या रकमेत मालकाचा निधीचा भाग आधीच धरलेला असतो काय, हे विचारून घ्यावे. तो धरलेला असेल तर वरील बेरीज कोसळते.

हंगामाचा प्रश्न निराळाच. पावसाळ्यात किनाऱ्यावरचे पर्यटन मंदावते आणि हंगामी केंद्रांतील कंत्राटी वैद्याचे वेतन थांबण्याची शक्यता तेव्हाच अधिक. शास्त्राने बस्तीसाठी वर्षा ऋतू सांगितला. ज्या काळात वैद्याने सर्वाधिक काम करावे, त्याच काळात त्याने घरी बसावे, ही गंमतच म्हणायची! बारा महिन्यांचे वेतन आणि आठ महिन्यांचे वेतन यांची तुलना महिन्याच्या आकड्यावर होत नाही. आणि गणेशचतुर्थीची रजा? मालवणी माणसापुढे तिची किंमत आम्ही मांडायला नको.

चरकाचार्यांनी प्राणैषणेच्या पाठोपाठ धनैषणा सांगितली आणि साधनांवाचून दीर्घायुष्य हे मोठे पाप ठरविले. धनप्राप्तीच्या मार्गांत त्यांनी राजसेवाही गणली आहे. 1 नोव्हेंबर 2005 नंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना मिळाली नाही, आणि त्याच योजनेसाठी मार्च 2023 मध्ये राज्यातील लाखो कर्मचारी आठवडाभर संपावर होते. त्यांचे भांडण चालू पगाराचे नव्हते. पगार थांबल्यानंतरच्या वर्षांचे होते.

तरीही "सुविधा घ्या, पगार सोडा" असे आम्ही सरसकट म्हणणार नाही. सुविधा नेमणूकपत्रावर लिहिलेल्या असतील आणि दरमहा जमा झालेली रक्कम खात्यात दिसत असेल, तर पाच हजार कमी घेण्यास हरकत नाही. "आपलाच माणूस आहेस, अडीअडचणीला आम्ही आहोतच" एवढाच करार असेल, तर मोठा पगार घेणारा तरुण शहाणा. मालकाचा मुलगा गादीवर आला की तोंडी शब्द कोण पाळतो?

कायद्याचा आधार सर्वांपर्यंत पोहोचत नाही. निधी वीस वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना बंधनकारक, उपदान दहा वा अधिक असलेल्यांना. आपली बहुतेक चिकित्सालये तीन-चार माणसांची. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. ठराविक मुदतीच्या कर्मचाऱ्यास आता एका वर्षाच्या सेवेनंतरही उपदानाचा हक्क आहे. नियमित कर्मचाऱ्यास पाच वर्षे थांबावे लागते. मोठ्या फार्मसीचालकांनी आपली जुनी नेमणूकपत्रे या दृष्टीने तपासावीत. लहान चिकित्सालयाच्या चालकानेही "माणसे टिकत नाहीत" म्हणण्याआधी एवढे करून पाहावे: साहाय्यक वैद्य वा औषध कुटणाऱ्या कामगाराला टपाल कार्यालयात त्याच्या नावे सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे खाते उघडायला लावावे, दरमहा पाचशे-हजार रुपये स्वतः त्यात भरावेत आणि पासबुक त्याच्याच हाती ठेवावे. वार्षिक रजा किती, आजारपणाची किती, चतुर्थीची किती, हे एका कागदावर लिहून खाली सही करावी.