बाणाची परीक्षा

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथे स्वप्निल कुसळे यांनी पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा राधानगरी तालुक्यातल्या त्यांच्या कांबळवाडीपासून मुंबईपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी त्यांची नजर, त्यांचा स्थिर हात आणि त्यांचे अविचल चित्त यांचीच स्तुती होती, आणि ती सर्वस्वी यथायोग्य होती. परंतु पक्ष्याच्या डोळ्याखेरीज दुसरे काहीच न दिसणाऱ्या अर्जुनाची कथा बालपणापासून कानांवर पडत आल्यामुळे म्हणा, नेमबाजी म्हटली की आपले लक्ष धनुर्धराच्या डोळ्यापाशीच खिळून राहते. त्याच्या भात्यातला एक बाण दुसऱ्यासारखा होता की नाही, याची चौकशी कोणी करीत नाही. ही चौकशी करण्याची वेळ आता आली आहे, आणि ज्या पुणे शहरात काडतुसांचा कारखाना दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे, तेथून ती सुरू व्हावी, असे माझे नम्र मत आहे.

बाणाची ही परीक्षा ज्यांनी कसोशीने केली त्यांत अमेरिकेतील हौशी नेमबाज अग्रगण्य होत. स्वतःच्या उपयोगापुरती काडतुसे भरण्यास तेथे केंद्रीय सरकारचा परवाना लागत नाही; सबब एकदा उडवलेली पितळी पुंगळी जपून ठेवायची, साच्यात दाबून ती पूर्ववत मापात आणायची, तिच्या बुडाशी दारू पेटवणारी नवी टोपी, म्हणजे प्रायमर, बसवायचा, तराजूत तोललेली दारू तिच्यात ओतायची आणि वर नवी गोळी दाबून बसवायची, हा उद्योग तेथे पिढ्यान्‌पिढ्या घरोघर चालत आला आहे. दारू तोलण्याचे माप ‘ग्रेन’, म्हणजे सुमारे पासष्ट मिलिग्रॅम, आणि हे लोक त्याच्याही दशांशाचा हिशेब ठेवतात. पुंगळीच्या मानेची भिंत एका बाजूस जाड व दुसरीकडे पातळ असली तर गोळी नळीच्या अक्षाशी तिरकी बसते, म्हणून ती मान कातून तिची जाडी हजारांश इंचापर्यंत सारखी करणारेही पुष्कळ आहेत. काटकसर हा या उद्योगाचा एक हेतू असला तरी खरे कारण निराळे. कारखान्याला आपले काडतूस त्या मापाच्या यच्चयावत बंदुकांत चालेल असे करावे लागते. घरी भरणाऱ्याला मात्र आपल्या एकाच बंदुकीची मर्जी सांभाळायची असते.

या खटाटोपातून गोळीला अधिक जोर मिळतो, असा सामान्य समज आहे व तो चुकीचा आहे. नेमासाठी जोरापेक्षा सारखेपणाचे मोल अधिक. हजार यार्डांवरच्या लक्ष्यावर नित्याच्या .३०८ रायफलीतून नेम धरला आणि दोन गोळ्यांच्या आरंभीच्या वेगात सेकंदाला नऊ-दहा मीटरांचे अंतर पडले, तर केवळ तेवढ्यानेच त्या एकमेकींच्या खाली-वर सुमारे वीतभर अंतरावर लागतात. त्यांत नेमबाजाचा काडीमात्र दोष नसतो. मॅसॅच्युसेट्स राज्यातील मिलफर्डचे डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी या विषयाला जवळजवळ आयुष्य वाहिले. माणसाच्या हाताचा कंप हिशेबातून वजा करावा म्हणून त्यांनी काँक्रीटचा भक्कम स्तंभ बांधून त्यावर नळी ठेवली, वाटेत कागदाचे पडदे टांगून गोळीचा मार्ग टिपला, आणि जाणूनबुजून विद्रूप केलेल्या गोळ्या झाडून पाहिल्या. गोळीचे टोक बिघडवले तर फारसे बिघडत नाही, पण बूड किंचित जरी वाकडे असले तरी ती भरकटते, हे त्यांच्या १९०९ सालच्या ग्रंथातले प्रतिपादन प्रथमदर्शनी उलटे वाटते. परंतु नळीतून सर्वांत शेवटी बूडच बाहेर पडते आणि मागून रेटणारा वायू तेथेच असमान दाब देतो, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याची संगती लागते.

मान यांचा हा शिरस्ता त्यांच्या सर्वच वारसांनी पाळला असे मात्र म्हणवत नाही. तीन गोळ्या झाडायच्या, त्यांची भोके एकमेकांस चिकटली की दारूचे तेच वजन सर्वश्रेष्ठ म्हणून वहीत नोंदवायचे, आणि पुढच्या आठवड्यात तेच काडतूस विखुरले की वाऱ्याला बोल लावायचा, ही हौशी मंडळींची जुनी खोड आहे. वास्तविक एकाच पेटीतल्या काडतुसांचे तीन-तीन गोळ्यांचे दोन ग्रुप, म्हणजे भोकांचे पुंजके, एकमेकांच्या दुप्पट निघणे ही नित्याची गोष्ट. तो दैवाचा खेळ असतो, दारूचा गुण नव्हे. उलटपक्षी, शंभर-दोनशे यार्डांवर मेजावर बंदूक टेकवून अत्यंत सूक्ष्म ग्रुप साधणाऱ्या बेंचरेस्ट स्पर्धेतले पुष्कळसे निष्णात दारू तोलतच नाहीत, मापाच्या यंत्राने सरळ पुंगळीत ओततात, आणि वाचलेले अवधान वाऱ्याच्या निशाणांकडे लावतात. कोणता सारखेपणा फलदायी आणि कोणता केवळ मनाच्या समाधानाचा, हा विवेक त्यांनी मोजमापातून मिळवला आहे.

आता आपल्या नेमबाजांकडे वळू. ज्या स्पर्धेत कुसळे यांना पदक मिळाले, किंवा जीत कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनच्या विश्वविजेत्या झाल्या, तिथले काडतूस .२२ मापाचे असते, आणि ते घरी भरता येत नाही. कारण त्याचे स्फोटक मिश्रण वेगळ्या प्रायमरमध्ये नसून पुंगळीच्या पोकळ काठात कारखान्यातच पसरवलेले असते. लक्ष्याच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आणि गोळी साडेपाच मिलिमीटरांहून थोडी जाड, म्हणजे चुकीला वाव तो किती! भरण्याचा मार्ग बंद झाल्यावर निवडण्याचा तेवढा उरतो. एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर केलेल्या काडतुसांच्या निरनिराळ्या खेपांत, म्हणजे लॉटांतही, चकलीच्या घाण्यासारखे असते: पीठ तेच, हात तोच, पण एखादा घाणा असा काही उतरतो की तसा पुन्हा जमत नाही, आणि एका रायफलीला मानवलेला लॉट दुसरीला मानवेलच असे नाही. म्हणून बर्मिंगहॅमची इली किंवा जर्मनीतील शोनेबेकला .२२ काडतुसे करणारी लापुआ या कंपन्यांच्या चाचणीगृहांत नेमबाज आपली रायफल घेऊन जातो, नळी पकडीत आवळली जाते, लॉटामागून लॉट झाडले जातात, आणि जो तिला मानवेल तोच तो विकत घेतो.

आता आपले काडतुसांचे कारखाने पाहू. पुण्यातला खडकीचा कारखाना १८६९ सालचा, वरणगावचा १९६४ सालचा. २०२१ पासून हे दोन्ही ज्या म्युनिशन्स इंडिया कंपनीकडे आले तिची मुख्य कचेरीही पुण्यातच आहे, आणि त्याच शहरात बालेवाडीचे क्रीडासंकुल आहे. असे असता मोठ्या स्पर्धेत उतरणाऱ्या आपल्या नेमबाजाच्या रायफलीत काडतूस मात्र विलायतेचे किंवा जर्मनीचे. यात कारखान्यांचा कमीपणा मी मानीत नाही. चिखलात, पावसात, सियाचीनच्या थंडीत व राजस्थानच्या उन्हात हमखास उडणे ही लष्कराची मागणी, आणि ती भागवणे हेच त्यांचे काम. पंधरा-वीस मिलिमीटरांच्या फरकाची फिकीर करण्यास त्यांना आजवर कोणी सांगितलेच नाही.

घरोघरी दारू भरण्याची मुभा द्यावी, असे मी मुळीच सुचवीत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने काडतुसांचा जो हिशेब परवान्यावर मांडला आहे तो तसाच राहावा, आणि आपल्या दाट वस्तीच्या देशात तो राहणेच इष्ट. माझी मागणी लहान आहे. सरकारने स्पर्धेच्या दर्जाच्या .२२ काडतुसासाठी एक छोटी, स्वतंत्र निर्मिती खडकी किंवा वरणगाव येथे मुक्रर करावी. प्रत्येक लॉटाचे, तीन नव्हे तर निदान पन्नास गोळ्यांचे, चाचणीचे दप्तर ठेवून ते नेमबाजांस खुले करावे. आणि पकडीत नळी आवळून लॉट तपासण्याची सोय बालेवाडीस करावी, म्हणजे कोल्हापूर-सांगलीच्या मुलीला तिच्या रायफलीस कोणता लॉट मानवतो हे परदेशवारीवाचून कळेल. पहिली काही वर्षे हे काडतूस इलीच्या तोडीचे उतरणार नाही, हे गृहीत धरूनच तजवीज करावी. सरावाला ते चालेल, सरावाचा खर्च उतरेल, आणि दप्तरातल्या आकड्यांवरून कोठे काय चुकते याचा शोध कारखान्यालाच घेता येईल.