कोंबडीचं हाड आणि दहावीचं पुस्तक

परवा रविवारी जेवताना शेजारचा मुलगा आला. दहावीत आहे, सीबीएसई. म्हणाला, "काका, पक्षी डायनासोरपासून झाले हे खरं की नुसतं यूट्यूबवरचं?" म्हटलं, पुस्तकात नाही? म्हणे, नाही. वरच्या मजल्यावरची मुलगी स्टेट बोर्डाची. तिच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा आहे 'आनुवंशिकता व उत्क्रांती'.

म्हणजे पनवेलच्या एकाच बिल्डिंगमध्ये एका पोराला उत्क्रांती शिकवायची, दुसऱ्याला नाही! एनसीईआरटीच्या 2023 च्या दहावीच्या पुस्तकातून हा भाग काढला. 1800 हून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाचं पत्र लिहिलं. उत्तर काय? ओझं कमी केलं, बारावीत आहेच. अहो, बारावीच्या बायॉलॉजीत! कॉमर्सला, आर्ट्सला, आयटीआयला जाणाऱ्यांनी काय करायचं?

मी त्याला ताटातलं हाड दाखवलं. कोंबडीच्या छातीच्या वर असतं ते, व्ही आकाराचं. 1926 मध्ये हाइलमान या अभ्यासकाने पुस्तक लिहून सांगितलं की डायनासोरांना गळ्याजवळची ही हाडंच नाहीत, मग ते पक्ष्यांचे पूर्वज कसे? मुद्दा बिनतोड वाटला, अनेक वर्षं टिकला. पुढे व्हेलोसिरॅप्टरच्या, टी. रेक्सच्या सांगाड्यात तेच हाड सापडलं. 1969 मध्ये ऑस्ट्रॉम यांनी डायनोनिकसचं वर्णन केलं. त्याच्या मनगटात अर्धचंद्राकृती हाड होतं. पक्षी पंख मिटतो तो अशाच हाडामुळे. 2007 मध्ये व्हेलोसिरॅप्टरच्या हातावर पिसं रुतायच्या गाठी मिळाल्या. पुरावा आला, शास्त्राने मत बदललं. विज्ञान म्हणजे हेच.

2018 मध्ये आपल्याच औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते, डार्विन चुकीचा, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही. साहेब, तुम्ही मुंबईचे पोलीस आयुक्त होतात. खून होताना कुणी पाहिला नाही म्हणून पोलीस फाईल बंद करतात का? पुरावे बघतात ना? इथे हाडंच साक्षीदार आहेत.

कुणाच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पोरांच्या हातातून पुरावा काढून घेण्याशी आहे.

पनवेल, खारघर, कामोठ्याच्या शिक्षकांनो, पुस्तकात नसलं तरी एक तास द्या. शिकवायला बंदी नाही. पालकांनो, कर्नाळा अभयारण्य अर्ध्या तासावर आहे. पोरांना न्या, पक्ष्यांचे पाय बघायला सांगा, मग टी. रेक्सच्या पायाचा फोटो दाखवा. पुढे तीन बोटं. बाकीचं पोरं स्वतःच विचारतील.

आणि विचारू द्या. प्रश्नांचं ओझं होत नाही.