वाट मोकळी करणारा
या आठवड्यात मोरगावच्या मयूरेश्वर गणपतीपुढे सुट्टीवर आलेला जवान हात जोडून उभा दिसला; खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलाचा. मंडळी, मला त्याच दलाचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे आठवले, कारवारजवळच्या चेंडियाचे. एप्रिल १९४८, काश्मीरच्या युद्धातला नौशेरा-राजौरी रस्ता: पेरलेले सुरुंग, आडवी पाडलेली झाडं, वरून गोळ्यांचा मारा. ८ तारखेला उखळी तोफांच्या माऱ्यात जखमी होऊनही राणे हटले नाहीत. रणगाड्याखाली सरपटत, दोरीनं चालकाला इशारे देत त्यांनी सुरुंगांतून वाट काढली. १२ एप्रिलला राजौरी हाती आलं. राणेंना जिवंतपणी परमवीरचक्र लाभलं. विघ्नहर्त्याला नवस आपण सगळेच बोलतो, राणे विघ्नावर स्वतः चालून गेले. शत्रू मारण्यापेक्षा मागच्यांची वाट निर्धोक करणं थोर. राणेंचा धडा प्रत्येक मराठी शाळेत हवाच.