बंदूक घ्यायचीच तर कोणती?

परवा शाळा सुटल्यावर एका विद्यार्थ्याचे वडील भेटायला आले. वाटलं, पोराच्या मार्कांबद्दल बोलतील. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यावर काळीकुट्ट पंप ॲक्शन बंदूक. "सर, तुमचे मामू बँकेत गार्ड होते ना? त्यांना विचारा, ही घ्यावी का. परवान्याचा अर्ज करतोय. रानडुकरांनी हरभरा ठेवला नाही."

त्यांना लगेच उत्तर देता आलं नाही. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला आणि त्यानंतर आपल्या जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांचा आकडा बाहेर आला. हजाराच्या वर परवाने! कमरेला पिस्तूल लावलेले, हवेत बार काढणारे व्हिडिओ घरोघरी पाहिले गेले. प्रशासनाने मग बरेच परवाने रद्द केले. त्या गर्दीत खरोखर पिकासाठी बंदूक मागणारा शेतकरी उगाच संशयित ठरतो. माझ्यासमोर बसलेल्या माणसाचं नुकसान खरं होतं, पण बोट त्या काळ्या बंदुकीवरच अडकलं होतं, हेही मी पाहिलं.

मामूंना फोन लावला. फौजेत पंधरा वर्षं, मग बँकेच्या दारात बारा बोअर घेऊन वीस वर्षं. ते आधी हसले. "उसको बोल, बंदूक फोटो देखके नहीं लेते."

बारा बोअर म्हणजे काय, हे मला त्या दिवशी नीट कळलं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी. साधारण साडेअठरा मिलिमीटर. (भाषेचा मास्तर असल्याने सांगतो: बंदूक हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला, काडतूस पोर्तुगिजांकडून. दारू मात्र आपण दोन्ही अर्थांनी आपलीशी केली.)

खरी गोम काडतुसाच्या लांबीत आहे. नेहमीचं काडतूस ७० मिलिमीटरचं, म्हणजे पावणेतीन इंच. त्याहून मोठी ७६ आणि ८९ मिलिमीटरची, आणि जुन्या विलायती बंदुकांची अडीच इंची, ६५ मिलिमीटरची. हे माप उडवल्यानंतर उघडलेल्या नळकांडीचं असतं. न उडवलेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असल्याने ते आखूड दिसतं. म्हणून ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, बंदूक बंदही होते. बसलं म्हणजे चाललं, असं वाटतं. बार काढताच दुमड उघडते, पुढे जागा नसते आणि दाब वाढतो. जुनी नळी असेल तर हाताची बोटं जाऊ शकतात. उलट, ७६ च्या चेंबरमध्ये ७० चं काडतूस चालतं.

मग सरळ ७६ चीच घ्यावी का? चेंबर मोठं असायला हरकत नाही, पण मोठ्या काडतुसाचा धक्का खांद्याला जास्त बसतो, ते महागही असतं, आणि तालुक्याच्या दुकानात मिळेलच असं नाही. आपल्याकडे जी मिळतात त्यांत खडकीच्या कारखान्याची शक्तिमान ओळखीची. माझं मत स्पष्ट आहे: सत्तरचंच वापरावं.

पंप ॲक्शन वाईट नाही. पुढची मूठ हाताने मागे-पुढे करायची असल्याने काडतूस कमी ताकदीचं असलं तरी अडत नाही. पण घाबरलेला माणूस मूठ अर्धीच ओढतो आणि रिकामी नळकांडी अडकते. शिवाय गोळ्या नळीखालच्या दुसऱ्या नळीत लपलेल्या. चेंबर रिकामं दिसलं तरी खाली काडतूस असू शकतं. डबल बार मोडली की दोन्ही भोकं घरातल्या कुणालाही दिसतात. पोरंबाळं असलेल्या घरात मी डबल बारच म्हणेन, ती पोरांच्या मोबाइलवर कितीही म्हातारी दिसो.

कायद्याने, गंमत म्हणजे, पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूकच डोळ्यांपुढे ठेवली होती. १९५९ च्या शस्त्र कायद्यात तशी वेगळी तरतूद आहे. संरक्षणासाठीच्या गुळगुळीत नळीची लांबी किमान वीस इंच हवी. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. ती वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते. लग्नात हवेत बार काढला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वरातीत नाचणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे?

हे सगळं त्यांना सांगितलं. ते गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "सर, घरात आजोबांची जुनी विलायती डबल बार आहे. परवाना वडिलांच्या नावावर. तीच माझ्या नावावर करून घेतली तर?"

"चेंबर किती?"

"ते काय माहीत. काडतूस तर बसतं."

मामू तेव्हापासून दर जुम्म्याला, नमाजनंतर, मला विचारतात की त्या माणसाने बंदूक कारागिराला दाखवली का. अजून दाखवलेली नाही. हरभऱ्याच्या राशीला अजून दोन आठवडे आहेत.