शीलाची स्पर्धा नको

२०२४ मध्ये हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध झालेल्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मूल्यसंस्कारार्थ मनाचे श्लोक व गीतेचा बारावा अध्याय यांच्या पाठांतराची व त्यांच्या स्पर्धांची जी तजवीज सुचविली होती, ती, त्या ग्रंथांविषयी पूर्ण आदर बाळगूनही, आम्हांस मान्य नाही.

पाठांतराने वाणी शुद्ध होते व स्मरणशक्ती तल्लख होते, हे कोण नाकारील? परंतु त्याची स्पर्धा लागताच जो मुलगा पंचवीस श्लोक अस्खलित म्हणेल तो सुशील ठरेल, आणि अडखळत बोलणारी परंतु सापडलेले पैसे मुकाट्याने गुरुजींकडे जमा करणारी मुलगी कोणत्याही तक्त्यात बसणार नाही. किंबहुना सदाचार ही बक्षिसासाठी दाखविण्याची वस्तू आहे, हाच धडा मुले सर्वांत आधी गिरवतील. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजींनी मुलांचे कपडे स्वतः धुतले, खोल्या झाडल्या. त्या संस्काराला गुणपत्रिका नव्हती.

असा सहवास देण्यास शिक्षकाजवळ वेळ हवा, आणि तो तर मतदारयाद्या, सर्वेक्षणे व पोषण आहाराच्या नोंदी यांत खर्ची पडत आहे. तेव्हा शिक्षण खात्याने आराखड्यात अशा स्पर्धांना स्थान देऊ नये, आणि शिक्षकांवरील अशैक्षणिक कामांचा बोजा उतरविण्याचा लेखी हुकूम त्याच वेळी काढावा.