नशीब म्हणून सोडून दिलेले मृत्यू

10 जुलै 1963 रोजी औरंगाबादच्या सरकारी प्रसूती रुग्णालयात एक बाई बाळंत झाली, मुलगा झाला. तीन दिवसांनी तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केली. हे अगदी किरकोळ ऑपरेशन, असं बायकांना तेव्हाही सांगत आणि आजही सांगतात. तिला ताप भरला, पोट दुखू लागलं. 19 तारखेला पोट पुन्हा उघडलं तेव्हा आत टॉवेल निघाला. 24 तारखेला ती गेली.

नवऱ्याने दावा लावला. खालच्या कोर्टाने 36,000 रुपये मंजूर केले, हायकोर्टाने तो हुकूम फिरवला आणि 20 फेब्रुवारी 1996 रोजी सुप्रीम कोर्टाने तो पुन्हा कायम केला. पोटात टॉवेल राहणं हाच हलगर्जीपणाचा पुरावा आहे, चूक नेमकी कोणत्या डॉक्टरची हे ठरलं नाही तरी सरकारला भरपाई द्यावी लागेल, असं कोर्टाने सांगितलं. तोवर त्या बाळंतपणाला 32 वर्षं उलटली होती.

इतकं नेटाने भांडणारं घर आपल्या मराठवाड्यात विरळा. ते विरळा का, याचा जाब आपण आपल्यालाच विचारला पाहिजे.

अर्धापूर असो की मुदखेड, ऑपरेशननंतर माणूस दगावला की दहाव्याच्या आधीच भावकी निकाल देते: वेळच भरली होती. मग कुणी पुढारी मध्ये पडतो, बैठक बसते, पाकीट सरकवलं जातं. नाहीतर जमाव येतो आणि दवाखान्याच्या काचा फुटतात. 2023 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात 24 तासांत 24 जण दगावले, त्यांत 12 नवजात बालकं होती. आपण काय केलं? एका खासदाराने अधिष्ठात्यांना संडास साफ करायला लावला, त्याचे व्हिडिओ घरोघर फिरले. अपमान केला म्हणजे न्याय झाला, असं मानणाऱ्या समाजाला खरा न्याय कधीच मिळणार नाही.

आणि कुटुंबनियोजनासाठी टेबलावर झोपवायला आपण पुढे कुणाला करतो? बाईला. पुरुषाची नसबंदी सोपी असते, हे आरोग्यसेविका सांगून थकल्या. नवरा म्हणतो, मला नांगर धरायचा आहे. जणू ती शेतात जातच नाही. सलाईन लावलेली ती बाई, समोर छापील संमतीपत्र, बाजूला निळ्या शाईचं पॅड. नातेवाईक तिचा अंगठा धरून टेकवतात. कागदावर काय लिहिलंय, हे तिला कुणी वाचून दाखवत नाही, आणि विचारलंच तर घरचेच दटावतात: डॉक्टरसाहेबांना उशीर होतोय.

डॉक्टरांनाही एक सांगितलंच पाहिजे. प्रत्येक मृत्यू हा गुन्हा नसतो. 2005 मध्ये सुप्रीम कोर्टाने बजावलं की, डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्याआधी तटस्थ डॉक्टरचं मत घ्यावं. ते योग्यच आहे. पण मत द्यायला कुणी पुढेच येत नसेल, व्यवसायबंधूविरुद्ध साक्ष म्हणजे फितुरी मानली जात असेल, तर हे संरक्षण निष्काळजी माणसाची ढाल होतं. प्रामाणिक डॉक्टरांनी ते होऊ देऊ नये.

सगळ्यात मोठा अन्याय गरिबावर. सुप्रीम कोर्टाच्या 1995 च्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आली, पण जिथे सर्वांवर मोफत उपचार होतात ती रुग्णालयं वगळली. म्हणजे पैसे मोजणाऱ्याला ग्राहक आयोग, आणि फुकट उपचार घेणाऱ्या मजुराला दिवाणी कोर्टाच्या तारखा. याविरुद्ध आपल्या एका तरी आमदाराने विधानसभेत आवाज उठवावा.

तोवर हातात आहे ते करा. मागितल्यापासून 72 तासांत रुग्णाचे कागद देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. लेखी अर्ज करा, पोच घ्या, ऑपरेशनची नोंद आणि केसपेपर मिळवा. ग्राहक आयोगाची मुदत 2 वर्षांची आहे. गावातल्या शिक्षकांनी, वकिलांनी हा अर्ज लिहून द्यायला मृत्यू झालेल्या घरी स्वतःहून जावं, दहाव्याची वाट पाहू नये.