फादर रायनर्ट यांच्यावरचा आरोप

अमेरिकेतल्या सेंट लुईस विद्यापीठाचे अध्यक्ष, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातले फादर पॉल रायनर्ट यांनी 1967 साली संस्थेचा कारभार प्रापंचिकांच्या हाती दिला आणि तिथूनच तिचा कॅथलिक बाणा गेला, असा आक्षेप घेतला जातो. दुसरा आक्षेप असा की वाढीचे श्रेय त्यांचे नव्हेच. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांचा शिक्षणखर्च सरकारने उचलला, म्हणून वर्ग भरले.

दुसरा आक्षेप आधी घेऊ. सैनिकांना ही मदत देणाऱ्या 1944 च्या कायद्याचा वाटा मोठाच आहे; 1947 साली अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. पण रायनर्ट अध्यक्ष झाले 1949 मध्ये, ती लाट ओसरत असताना, आणि राहिले 1974 पर्यंत. पाव शतकाची वाढ त्या लाटेच्या खात्यावर कशी मांडणार? 1949 सालीच कला-विज्ञान महाविद्यालयात मुलींना रीतसर प्रवेश मिळाला. पुढच्या दशकात व्हॅटिकनमधल्या हजारो हस्तलिखितांच्या मायक्रोफिल्म इथे आल्या. रोमचा प्रवास न परवडणारा संशोधक मिसूरीत वाचनयंत्रापुढे बसून मध्ययुगीन पोथीचे एकेक पान पडद्यावर पाहू लागला. 1959 मध्ये पोप बारावे पायस यांच्या नावाचे ग्रंथालयही उभे राहिले.

आता मुख्य आरोप. नव्या विश्वस्त मंडळात 28 जण होते: 18 प्रापंचिक, 10 जेझुइट. त्याआधी सगळेच विश्वस्त जेझुइट. आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्या विश्वस्तांनी आपल्याच संघातल्या अध्यक्षाला मोकळेपणाने जाब विचारावा, अशी ती रचना होती. तसे होणे कठीण, ही अडचण रायनर्ट यांनी ओळखली आणि स्वतःच्या अधिकारावर बाहेरच्यांची नजर बसवली. मग बाणा गेला का? त्यांच्यानंतरही अध्यक्षपदावर जेझुइट येत राहिले; पहिला कायमस्वरूपी प्रापंचिक अध्यक्ष आला तो थेट 2014 मध्ये.

रायनर्ट यांना जाब विचारायचाच असेल तर सेंट लुईसमधल्या मिल क्रीक व्हॅलीबद्दल विचारावा. 1959 पासून ही वस्ती पाडली गेली, सुमारे 20,000 लोक विस्थापित झाले, त्यांतले बहुतेक कृष्णवर्णीय. त्या जमिनीचा एक भाग विद्यापीठाने विस्तारासाठी घेतला. ही चूक झाकता येत नाही. पण जमीन घेतली तेव्हाचे विश्वस्त मंडळ संपूर्ण जेझुइटांचे होते. मंडळात केवळ धर्मगुरू असले की संस्थेची सदसद्विवेकबुद्धी शाबूत राहते, हा आक्षेपकांचा मूळ आधार इथेच निखळतो. 1967 चा निर्णय हे रायनर्ट यांच्या कारकिर्दीतले सर्वांत धाडसी आणि सर्वांत योग्य पाऊल ठरते.